आयएमजी_०४१७ म्हणजे नेमकं कोण?

नाव आणि नंबर यांतला फरक इंजिनिअरिंगच्या पोराला शिकवायची गरज नाही. अॅडमिशनच्या दिवशी रोल नंबर चिकटतो, युनिव्हर्सिटी सीट नंबर देते, रेक्टरच्या रजिस्टरात आपण रूम नंबर असतो आणि मेसच्या वहीत कार्ड नंबर. पण कॉरिडॉरमधून हाक मारताना कोणी "ए बत्तीस" म्हणत नाही. तिथे नाव लागतं, नाहीतर निदान टोपणनाव तरी. नंबरचं काम वेगळं, नावाचं वेगळं. एवढी साधी गोष्ट फोटोंच्या बाबतीत मात्र आपल्या डोक्यात शिरत नाही, असं माझं ठाम मत झालंय. ज्यांना फक्त चारोळ्यांची पानं वाचायची आहेत त्यांनी खुशाल पान उलटावं.

यंदा मॅगझिन कमिटीत माझ्या वाट्याला 'फोटो सेक्शन' आलं. म्हणजे काय, तर जिमखान्याच्या कपाटातल्या दोन हार्ड डिस्क, बुटाच्या खोक्यात भरलेल्या सीड्या आणि "बघ काय सापडतं ते" एवढी सूचना. डिस्क उघडली तर आत 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर (२)', 'गॅदरिंग फायनल', 'गॅदरिंग फायनल फायनल', 'पम्याचा कॅमेरा' आणि 'नको असलेले' असा संसार. हा पम्या कोण, कुठल्या बॅचचा, आज कुणालाच ठाऊक नाही. पण फोटो त्यानेच सगळ्यात चांगले काढलेत!

फोल्डरांच्या आत गेलं की आणखी मजा. आयएमजी_०००१, आयएमजी_०००२... हा काही कॅमेऱ्याचा आळस नव्हे. डिजिटल कॅमेरे आले तेव्हा जपानी उत्पादकांनी मिळून १९९८ साली एक नियम ठरवला, त्याला डीसीएफ म्हणतात. कार्डावर 'डीसीआयएम' नावाचं फोल्डर, त्यात फाइलच्या नावाला पहिली चार अक्षरं आणि पुढे चार आकडे, बस्स. एका कॅमेऱ्यात काढलेला फोटो दुसऱ्यात दिसावा म्हणून ही शिस्त, आणि ती आजही चालू आहे. पण आकडे चारच असल्यामुळे ९९९९ झालं की गाडी परत ०००१ वर. त्यामुळे ०४१७ नावाचा फोटो प्रत्येक कॅमेऱ्यात असतो, आणि वर्षानुवर्षं वापरलेल्या कॅमेऱ्यात दोन-तीनदा असतो. आमच्या डिस्कवर ०४१७ नावाच्या अकरा फाइली निघाल्या. अशा दोन फाइली एकाच फोल्डरमध्ये टाकताना कॉम्प्युटर विचारतो, "रिप्लेस करू?" रात्री दोन वाजता झोपेत असलेला माणूस या प्रश्नाला काय उत्तर देतो ते आपण सगळे जाणतो.

या अकरांपैकी एका ०४१७ मुळे हा लेख लिहायची वेळ आली.

आपल्या हॉस्टेलच्या गेटवर वीसहून जास्त वर्षं असलेले वॉचमन काका गेल्या दिवाळीच्या सुट्टीत वारले. सुट्टी संपल्यावर त्यांचा मुलगा ऑफिसात आला. घरात त्यांचा भिंतीवर लावण्यासारखा एकही फोटो नव्हता, आयकार्डावरचा तेवढा होता. "कॉलेजात पुष्कळ फोटो काढतात म्हणायचे बाबा, एखादा मिळेल का?" एवढंच त्याचं म्हणणं. आता काका गेली दोन दशकं प्रत्येक झेंडावंदनाला, प्रत्येक विसर्जन मिरवणुकीला, प्रत्येक गॅदरिंगला हजर. शेकडो फोटोंत असणार ते. पण 'काका' किंवा 'वॉचमन' असं सर्चमध्ये टाकलं तर उत्तर शून्य. त्यांचं खरं नाव टाकलं, तेही शून्य. (खरं नाव आम्हाला ऑफिसातून विचारून घ्यावं लागलं, हा भाग वेगळा.)

आम्ही तिघं दोन रात्री बसलो. एकेक फोटो डोळ्यांनी बघत. काकांचा अर्धा खांदा, काकांची टोपी, काकांची पाठ. शेवटी मिळाला. विसर्जनाचा, कपाळाला गुलाल, हातात लेझीम, तोंडभर हसणारे, आम्ही ज्यांना कधी पाहिलंच नव्हतं असे तरुण काका. आम्हाला ओळखू आले नाहीत. मेकॅनिकलच्या लॅब असिस्टंट सरांनी स्क्रीनकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "अरे हाच की तो!" फोटोतली तारीख म्हणत होती १ जानेवारी, कारण बॅटरी पार उतरलेली राहिली की काही कॅमेऱ्यांचं घड्याळ असं मूळपदावर जातं. साल ठरलं ते मागे नाचणाऱ्या पोरांच्या टी-शर्टवर '२००९' छापलं होतं म्हणून. टायटलचा रकाना अर्थातच कोरा.

तर मुद्दा असा, की फाइलचं नाव आणि फोटोचं शीर्षक या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि आपण दोघांची कामं एकाच्याच गळ्यात मारतो. किंवा खरं सांगायचं तर एकाकडूनही करून घेत नाही.

शीर्षक कुठे राहतं? फाइलच्या पोटात. जेपीईजी फोटोत चित्राबरोबर माहितीचीही जागा असते. एक्झिफ नावाच्या कप्प्यात कॅमेरा स्वतःहून तारीख-वेळ, शटर वगैरे भरतो. त्याशिवाय वृत्तपत्रवाल्यांनी १९९० च्या दशकात रुळवलेला आयपीटीसीचा कप्पा आहे, आणि अॅडोबीने २००१ मध्ये आणलेला एक्सएमपीचा. शीर्षक, वर्णन, कोण दिसतंय, कुणी काढलं, सगळं तिथे लिहिता येतं. विंडोजमध्ये फोटोवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग डिटेल्स. 'टायटल' असा रकाना समोर दिसेल. पन्नास फोटो एकदम सिलेक्ट करूनही भरता येतो. किती जणांनी आयुष्यात तो एकदा तरी उघडलाय? हात वर करा! एका कंपनीचे जुने कॅमेरे तर वर्णनाच्या जागी स्वतःचंच नाव लिहून ठेवायचे. निदान त्यांनी काहीतरी लिहिलं.

आता कोणी म्हणेल, शीर्षकाची भानगड कशाला, फाइलच्या नावातच लिहू की सगळं. 'विसर्जन मिरवणूक काका लेझीम खेळताना मस्त.' लिहा. पण उद्या कळलं की ते काका नव्हते, त्यांचे भाऊ होते, मग? फाइलचं नाव बदललं की त्या नावावर जे जे अवलंबून होतं, मॅगझिनचं लेआउट, प्रेझेंटेशनमधली लिंक, बॅकअपची यादी, ते सगळं तुटतं. बॅकअप सॉफ्टवेअर बिचारं त्याला नवीनच फाइल समजतं आणि जुनीही ठेवून देतं.

यावर मला सापडलेलं सगळ्यात झकास उदाहरण चंद्रावरचं आहे. जुलै १९६९ मधल्या अपोलो ११ चा तो जगप्रसिद्ध फोटो, अंतराळवीर उभा आणि त्याच्या काचेत समोरच्याचं प्रतिबिंब, त्याचा नंबर एएस११-४०-५९०३. ११ म्हणजे मोहीम, ४० म्हणजे फिल्मचं मॅगझिन, ५९०३ म्हणजे फ्रेम. नावात ना 'चंद्र' ना 'आल्ड्रिन'. कोण आणि काय ते शीर्षकात. आता गंमत अशी, की चंद्रावर बहुतेक वेळ कॅमेरा आर्मस्ट्राँगच्या हातात होता, म्हणून फोटोंत जिकडे तिकडे आल्ड्रिन. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणाऱ्याचा त्या कॅमेऱ्यातला धड फोटोच नाही, असं कित्येक वर्षं मानलं जायचं. पुढे १९८० च्या दशकात अभ्यासकांनी बारकाईने तपासलं आणि त्याच मॅगझिनमधल्या ५८८६ नंबरच्या फ्रेममध्ये यानाजवळ पाठमोरा काम करणारा माणूस आर्मस्ट्राँगच आहे हे दाखवून दिलं. शीर्षक बदललं, नंबर तोच राहिला. फाइलचं नावच 'आल्ड्रिन_यानाजवळ' असं ठेवलं असतं तर निम्म्या जगात आजही तेच फिरत असतं.

म्हणून माझं म्हणणं, फाइलचं नाव कंटाळवाणं असावं. आधी तारीख, तीही वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. आपल्या सवयीने दिवस आधी लिहिला तर ०१-०३-२०२४ आणि ०१-०८-२०१९ शेजारी बसतात. वर्ष आधी असलं की साध्या अक्षरक्रमानेच सगळं कालक्रमाने लागतं. मग एका शब्दात प्रसंग, मग कॅमेरावाल्याची आद्याक्षरं, आणि शेवटी कॅमेऱ्याचा मूळ चार आकडी नंबर. तो पुसू नका, कार्डावरची मूळ फाइल शोधायला तोच कामाला येतो. म्हणजे '२०२४-०२-१७_गॅदरिंग_पीके_०४१७'. एकदा ठेवलं की हात लावायचा नाही.

आणि आता मराठी विभागात बसून मी जे लिहिणार आहे त्यावरून संपादक मला चोपणार आहेत. फाइलचं नाव रोमन अक्षरांतच ठेवा. कारण भाषाप्रेम कमी आहे म्हणून नव्हे. लिनक्सवर फाइलच्या नावाला साधारण २५५ बाइटांची मर्यादा असते आणि युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजायचे. म्हणजे ८५ चिन्हांत खेळ खलास. शिवाय आपलं 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतं, एकसंध किंवा 'र' खाली नुक्ता देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे, मशीनला वेगळे. 'किनाऱ्यावर' नावाचं फोल्डर समोर दिसतंय आणि सर्च म्हणतोय सापडत नाही, असं होऊ शकतं. जुन्या झिपमधून काढलेल्या मराठी नावांचं जे कडबोळं होतं ते तर पाहिलंच असेल.

शीर्षक मात्र मराठीतच लिहा, भरपूर लिहा. एक्सएमपी पहिल्यापासून युनिकोड आहे. (एक्झिफमध्ये यूटीएफ-८ ची अधिकृत सोय व्हायला २०२३ उजाडलं, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका.) 'काका, लेझीम, मेन गेटसमोर, विसर्जन २००९, डावीकडे मेसचे दोघे.' एवढं पुरे.

दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, "अरे, आता फोन चेहरे ओळखतो, नावं कशाला टाइप करतोस?" ओळखतो, मान्य. म्हणजे एकसारखे दिसणारे चेहरे एका गठ्ठ्यात टाकतो. त्या गठ्ठ्याचं नाव कोणीतरी माणसानेच सांगावं लागतं. आणि ते नाव बऱ्याचदा अॅपच्या डेटाबेसमध्ये राहतं, फोटोत नाही. आपल्या आधीच्या बॅचेसनी पिकासा वापरलं. त्यातल्या कॅप्शन फाइलच्या आत लिहिल्या जायच्या म्हणून त्या आजही वाचता येतात. अल्बम आणि चेहऱ्यांची नावं मात्र पिकासाच्या स्वतःच्या फाइलींत असायची. २०१६ मध्ये पिकासा बंद झालं. गूगल फोटोजमध्ये लिहिलेलं वर्णनसुद्धा सगळं एक्स्पोर्ट केल्यावर शेजारच्या वेगळ्या फाइलीत हातात पडतं. व्हॉट्सअॅपचं तर विचारूच नका. तिथून नेहमीच्या पद्धतीने आलेल्या फोटोचं नाव नवीन आणि पोटातली माहिती साफ. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तरच शाबूत.

दुसरा आक्षेप मला जास्त पटतो. आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीने विचारलं, "माझं नाव प्रत्येक फोटोच्या आत लिहून ठेवणार आणि तो फोटो कुठेही फिरणार, हे मला चालणार आहे का, ते कोण विचारणार?" बरोबर आहे तिचं. त्यामुळे नावं फक्त जिमखान्याच्या मूळ प्रतीत असावीत, आणि बाहेर जाणाऱ्या प्रतीतून काढून टाकावीत. विंडोजमध्ये त्याच डिटेल्सच्या खाली तशी सोय आहे. आणि ज्याला नको असेल त्याचं नाव मूळ प्रतीतही लिहू नये.

पण मला खरी चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. ज्या थोड्या फोटोंना कोणीतरी कष्टाने नावं दिली आहेत ती बघा. 'चीफ गेस्ट', 'प्रिन्सिपल सर', 'जीएस', 'मिस फ्रेशर'. मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या मावशी, वर्कशॉपचे मिस्त्री, झाडूवाले दादा, गेटवरचे काका, यांचं नाव एकाही फाइलीत नाही. पाहुणे दोन तास येतात. ही माणसं वीस-वीस वर्षं असतात. आणि यांना ओळखणारी आपली बॅच? चार वर्षांनी आख्खी निघून जाते आणि आठवणाऱ्यांना बरोबर घेऊन जाते. तेव्हा नाव लिहायचं तर कार्यक्रमाच्याच आठवड्यात. सबमिशन संपल्यावर बघू म्हणालात तर कोणी बघत नाही, हे मी फाइनल इयरचा माणूस अनुभवाने सांगतो.

काकांचा तो फोटो आम्ही मोठा करून त्यांच्या मुलाला दिला. डिस्कवर त्याला शीर्षकही लिहिलंय, काकांच्या पूर्ण नावासकट, मुलाला विचारून.

बाकी डिस्कचं काम २००८ पर्यंत आलंय. २०११ ते २०१४ च्या फोल्डरांना अजून हात लागलेला नाही, आणि त्या काळातले चेहरे आमच्यापैकी कुणालाच ओळखू येत नाहीत. लायब्ररीतल्या मॅडम आणि लॅब असिस्टंट सर दर गुरुवारी पाच ते सहा जिमखान्यात बसायला तयार झालेत. ते नाव सांगणार, आम्ही टाइप करणार. टायपिंगला दोन जण कमी पडताहेत. चहा कमिटीकडून.