मनातला तो आवाज कुणाचा?



घोरावाडी स्टेशनवर सकाळच्या लोकलला उभ्या राहणाऱ्या आम्ही बायका एकमेकींना चेहऱ्याने ओळखतो आणि हळूहळू एकमेकींची दुखणीही कळतात. त्यांतल्याच एका भगिनीची ही हकिगत. नाव सांगत नाही.

नऊ वर्षे तिने संसार केला. नवरा मारहाण क्वचितच करी. पण सकाळच्या चहापासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत त्याचा एकच जप चाले : "तुला काय कळतं? बिनकामाची आहेस तू." शेवटी लेकीला घेऊन ती माहेरी आली. या गोष्टीला आता दोन वर्षे झाली. ती चिंचवडला एका कारखान्यात पॅकिंगला जाते. मागच्या महिन्यात साहेबांनी तिला आवक-जावक रजिस्टर लिहायचे काम देऊ केले. पगारही वाढणार होता. बाई बारावी पास, अक्षर सुरेख. तरी ती नको म्हणून आली.

मी विचारले, "का गं?"

"माझ्याच्यानं काय व्हायचं ताई? मी पहिल्यापासूनच बिनकामाची."

नवरा तिथे नव्हता. पण वाक्य त्याचेच होते. फक्त 'तू'च्या जागी 'मी' आला होता.

पुढच्या रविवारी विहारात तिच्या सात वर्षांच्या मुलीच्या हातून पाण्याचा पेला सांडला. कुणी काही बोलायच्या आतच पोरीने कपाळावर हात मारून घेतला, "मी बिनकामाचीच आहे!" तिच्या आईने माझ्याकडे पाहिले. आम्ही दोघीही काही बोललो नाही. घर सोडताना मागे राहिले असे वाटलेले ते वाक्य आता तिसऱ्या माणसाच्या तोंडी आले होते.

भगिनींनो, हे दुखणे एका घरचे नाही. फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. लहान वयात लग्न झाले. पुढे दुकान चालवताना माल बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद त्या वाचत. नवरा संशय घेई, मारहाण करी, हे त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितले. घरच्यांच्या भीतीने आपले लिखाण त्यांनी वर्षानुवर्षे लपवून ठेवले. १९८६ साली ते पुस्तकरूपाने आले आणि २००८ साली माया पंडित यांनी ते इंग्रजीत नेले. त्या काळात त्यांच्या मनात काय चालले होते ते त्यांनाच ठाऊक. आपल्याला दिसते ते एवढेच, की "मी लायक आहे" असे कुणी म्हणेल याची वाट न पाहता त्यांनी कागद काळे केले.

मी कारकून बाई, हिशेबाच्या भाषेत सांगते. एकाचे देणे चुकून दुसऱ्याच्या खात्यावर नावे पडते, तशी नवऱ्याच्या, सासूच्या, कधी आपल्या आईबापांच्याही रागाची रक्कम आपल्या खात्यावर पडलेली असते. आपण ती आपलीच समजून वर्षानुवर्षे पुढे ओढत राहतो. पण चुकीची नोंद कुणी खोडत नाही, तिच्यासाठी दुरुस्तीची नोंद घालतात. मग चूकही दिसते आणि हिशेबही जुळतो. मनाचेही तसेच आहे. झाले ते पुसले जाणार नाही. पण ज्याचे देणे त्याच्या नावे टाकता येते.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. माणूस घडलेल्या गोष्टीने दुखावतोच, पण त्या गोष्टीबद्दल तो स्वतःशी जे बोलत राहतो त्याने दुःख टिकून राहते, असे तिचे सार. याचा अर्थ मार खाणाऱ्या बाईने विचार बदलून मार सोसावा असा मुळीच नाही. २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आलेला कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा अपमान, टोमणे, नावे ठेवणे, मूल किंवा मुलगा नाही म्हणून हिणवणे यांनाही हिंसाचारच मानतो. आधी सुरक्षित जागा आणि संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार, मग मनाची दुरुस्ती. बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत हाच विचार दिला होता : बायकोने नवऱ्याची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभे राहावे, दासी म्हणून नाही.

मग दुरुस्ती करायची कशी? आम्ही दोघींनी एक साधी वही केली. डाव्या बाजूला मनात आलेले वाक्य लिहायचे आणि त्यापुढे, हे पहिल्यांदा कुणी म्हटले. उजव्या बाजूला खरे वाक्य. गोड नव्हे, खरे. "मी फार हुशार आहे" असे शंभर वेळा घोकले तरी मन आतून हसते. पण "दोन वर्षे माझ्या पगारावर घर चालले" हे मनाला खोटे पाडता येत नाही. "आज चूक झाली, उद्या विचारून करीन" हेही खरेच. आणि लिहिताना एकच कसोटी लावायची, हे वाक्य मी माझ्या लेकीला म्हणेन का? जे लेकीला म्हणवत नाही ते स्वतःलाही म्हणू नये. सम्यक वाणी आपण पाळतो ती दुसऱ्यांशी बोलताना. स्वतःशी बोलताना तिला सुट्टी का?

आणखी एक. वाईट शब्द माणसांच्या तोंडूनच आत गेले, तसे चांगलेही माणसांच्याच तोंडून जातात. म्हणून एकटीने कुढू नका. विहारात या, मैत्रिणीशी बोला. झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर लाज न बाळगता १४४१६ वर फोन करा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही टेली-मानस सेवा मोफत आहे, मराठीतही बोलता येते. घरात त्रास होत असेल तर महिलांसाठी १८१ आहे.

आमच्या भगिनीने साहेबांकडे पंधरा दिवस रजिस्टर करून पाहण्याची परवानगी मागितली. पहिल्या आठवड्यात दोन नोंदी चुकल्या. लोकलमध्ये भेटली तेव्हा तिने सुरुवात केली, "ताई, मी म्हणजे..." आणि मध्येच थांबली. मग म्हणाली, "दोन चुकल्या. बाकीच्या बरोबर होत्या."

वाक्य अर्ध्यावर थांबले, हीच सुरुवात. घरी तिची लेक हे ऐकते आहे. तुमच्याही घरात कुणीतरी ऐकत आहे. विचार करा.

जयभीम!