बाकांना हात लावू नका!

मंडळी, इथे मिनेसोटात जुनी १४ फुटी अ‍ॅल्युमिनियमची मासेमारीची बोट घेऊन 'नवी' करायचं वेड आता आपल्या देशी पब्लिकलाही लागलंय. लागू दे की! पण पहिल्याच शनिवारी ग्राइंडर चालवून मधले बाक उडवायचे, वर प्लायवूडचा सपाट डेक, त्यावर गालिचा... याला आपला सक्त विरोध आहे.

अहो, ते बाक नुसते बसायला नसतात. दोन्ही बाजूंचा पातळ पत्रा तेच ताणून धरतात. शिवाय त्यांच्या पोटात फोम असतो, बोटीत पाणी भरलं तरी ती बुडू नये म्हणून. मे महिन्यात इथे मोसम उघडतो तेव्हा तळ्याचं पाणी हाडं गोठवणारं असतं. आणि तुम्ही फोम उपटून तिथे बिअरचा कूलर बसवणार? (पाणी पिऊन जड झाला असेल तर बदला जरूर. पण बदला!)

त्यापेक्षा जिच्यावर मोटर लटकते ती मागची फळी बघा. स्क्रूड्रायव्हर टोचा, लोण्यासारखा आत गेला तर लाकूड कुजलंय. नवं घालताना कीड-बुरशी लागू नये म्हणून औषध मुरवलेलं ते हिरवट लाकूड नको. त्यात तांबं असतं, आणि ओलाव्यात ते अ‍ॅल्युमिनियम खातं. साधं एक्स्टिरियर प्लायवूड घ्या, कडांसकट इपॉक्सीचे दोन-तीन हात द्या. मग बोट ट्रेलरवरच ठेवून आत थोडं पाणी ओता (थोडंच, वजनाने पत्रा वाकतो), आणि खाली आडवं होऊन गळक्या रिव्हेटांवर खुणा करा.

रंगाचं काय? तो सगळ्यात शेवटी. नाही दिला तरी मासे तक्रार करत नाहीत.