डिझेल चोरीला जात नाही, वाऱ्यावर जाते

गेल्या वर्षी माझ्या पिकअपचा अ‍ॅव्हरेज उतरला. जी गाडी लिटरला 13 किलोमीटर देत होती ती 10 वर आली. आपल्या सोलापूरच्या बाजारात अशा वेळी एकच निकाल लागतो : ड्रायव्हर डिझेल विकतो. मीही तोच लावला आणि दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर त्याला विचारले. तो वाद घालत बसला नाही. एवढेच म्हणाला, "सेठ, एक खेप तुम्हीच सोबत चला."

पुण्याची खेप होती. टेरी टॉवेलच्या गठाणी भरायला आमच्या गोदामात इशानंतर सुरुवात झाली, कारण पॅकिंगच उशिरा संपले. दुसरी गाडी वाचावी म्हणून मी हल्ली जास्त माल चढवू लागलो होतो. त्यामुळे गठाणी केबिनच्या वर चांगल्या हातभर गेल्या. ताडपत्री मागून सैल राहिली. मध्यरात्री निघालो तेव्हा माझेच फर्मान होते की बाजार उघडायच्या आत गाडी पोचली पाहिजे. रस्ता रुंद आणि रिकामा. ड्रायव्हरने काटा 80 वर ठेवला तो खाली आणला नाही. ताडपत्री वाटभर फडफडत होती. चहाला थांबलो तेव्हा मागच्या चाकांकडे पाहिले. हवा कमी होती, आणि ती शेवटची कधी तपासली हे आम्हा दोघांनाही आठवेना.

त्या खेपेत मला कळले की डिझेल कोण खातो. टॉवेल हलका पण फुगीर माल आहे. त्याचे वजन गाडीला जड जात नाही, उंची जड जाते. केबिनच्या वर गेलेली प्रत्येक गठाण म्हणजे वाऱ्यासमोर उभी केलेली भिंत. आणि वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे 60 च्या जागी 80 ने गाडी हाकली तर तो सव्वापट नव्हे, जवळजवळ पावणेदोन पट होतो. इंधन बचतीसाठी केंद्र सरकारने 1978 मध्ये स्थापलेली पी.सी.आर.ए. ही संस्था मोटारींना 45 ते 55 चा वेग सांगत आली आहे. माझ्या अनुभवात भरल्या पिकअपला 60 पुरेसा आहे. पुणे इथून सुमारे 250 किलोमीटर. 80 ऐवजी 60 ने गेलो तर तासभर उशीर होतो, बस. तो तास गोदामातून काढता येतो, रस्त्यावरून काढू नये.

आता पैशाचे बोलू. जाऊन-येऊन 500 किलोमीटरला 10 च्या अ‍ॅव्हरेजने 50 लिटर लागतात, 13 ने साडेअडतीस. लिटरला नव्वद रुपये धरले तरी एका खेपेत हजार रुपये गेले. 2014 च्या ऑक्टोबरपर्यंत डिझेलचा दर सरकार धरून ठेवत असे, तेव्हा ही गळती झाकली जात होती. आज टॉवेलच्या डझनामागे आपल्याला काय सुटते ते प्रत्येकाने आपल्या वहीत पाहावे.

ज्यांना आपल्या गाडीचा खरा अ‍ॅव्हरेज माहीत नाही (मलाही नव्हता, अंदाजच होता), त्यांनी टाकी ते टाकी हिशेब ठेवावा. एकाच पंपावर, नोझल आपोआप बंद पडेपर्यंत टाकी भरायची आणि किलोमीटर लिहायचे. पुढच्या वेळी तशीच भरायची आणि जितके लिटर बसले त्याने मधल्या किलोमीटरला भागायचे. एका भरण्यावरून निकाल देऊ नये, चार-पाच भरणी पाहावीत. टॉवेलची खेप आणि सुताची खेप वेगळी लिहावी. सुतात प्रकरण उलटे असते. माल बसका पण जड, तिथे वाऱ्यापेक्षा चाकातली हवा महत्त्वाची. भरल्या गाडीसाठी मागच्या चाकांना किती हवा हवी ते कंपनीने लिहून दिलेले असते. ती सकाळी, चाके थंड असताना मोजावी. चाकाला लाथ मारून हवा कळत नाही.

तुळजापूरहून सोलापूरकडे घाट उतरताना न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे अजून दिसतात. आजच्या डिझेल इंजिनात गियरमध्ये, पाय सोडून उतरताना इंधन जवळपास बंदच होते. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते जळते, आणि सगळा भार ब्रेकवर येतो. डिझेलच्या नळीला बांधायचे लोहचुंबक आणि टाकीत टाकायच्या गोळ्या यांवर तर पैसाच घालू नये. अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण खात्याने अशी शंभरावर साधने तपासली, बहुतेकांत काही निघाले नाही. त्यापेक्षा एअर फिल्टर वेळेवर बदला. आपल्याकडच्या उन्हाळ्यातली धूळ सगळ्यांना माहीत आहे.

कोणी म्हणेल, माल कमी भरला तर धंदा कसा व्हायचा? मीही हाच हिशेब मांडला. केबिनच्या वर जाणाऱ्या त्या चार-सहा गठाणी ट्रान्सपोर्टने पाठवल्या तर त्यांचे भाडे वाया जाणाऱ्या डिझेलपेक्षा कमी पडते. प्रत्येकाचे तसेच पडेल असे नाही, पण मांडून तरी पाहावे.

ज्या चार जणांसमोर मी ड्रायव्हरवर संशय घेतला त्यांच्यातले दोघे पुन्हा दुकानात आले, तेव्हा त्यांच्यासमोर त्याची माफी मागितली. उरलेल्या दोघांना फोन केला. आता 13 च्या हिशेबाने जे डिझेल वाचते त्याची निम्मी रक्कम महिन्याला त्याला देतो. एक-दोन व्यापारी मित्रांना हे पटत नाही. म्हणतात, पगार घेतो तो कशाचा? मी म्हणतो, पगार गाडी चालवण्याचा आहे. माझा उशीर आणि माझा हावरेपणा भरून काढण्याचा पगार मी त्याला कधी दिलाच नव्हता.

एक अडचण होती ती हमालांची. त्यांची मजुरी नगावर. गठाणी दाबून, हौद्याच्या कडेपर्यंत सपाट रचायला वेळ जास्त जातो, म्हणून ते उंच टाकून मोकळे होत. नगामागे थोडे वाढवून दिले, पॅकिंगवाल्यांना दुपारची वेळ बांधून दिली. आता गाडी मगरिबच्या आत भरून ताडपत्री आवळलेली असते आणि ड्रायव्हर घरी जेवून निघतो.