ठिबकच्या तपासणीला मीटर कोणता घ्यावा?



धामणगाव बढे गटातल्या ठिबकवाल्या सभासदांनी वर्गणी काढून ड्रिपर तपासण्याचा एक लहान संच उभारायचे ठरवले आहे. टाकी, फिल्टर, छोटा पंप, दाबमापक आणि पाणी मोजायला मीटर, असा बेत आहे. कल्पना उत्तम, पण चर्चा अडली आहे ती मीटरवर. कोणी म्हणतो, पाइप दोन इंची तर मीटरही दोन इंची. कोणी म्हणतो, आकडे दाखवणारा विजेवरचा घ्या, महाग तेच बरे. ही दोन्ही मते मला पटत नाहीत.

मीटर पाइपाच्या मापाने निवडायचा नसतो. कमीत कमी किती पाणी मोजायचे आहे, त्यावरून निवडायचा. कारखान्याच्या वजनकाट्यावर आपण उसाची गाडी तोलतो, पावशेर जिरे तोलत नाही. काटा खोटा नसतो, पण जिरे त्याला कळतच नाहीत.

आता हिशेब पाहा. एक ड्रिपर तासाला ४ लिटर देतो. तपासणीला २५ ड्रिपर लावले तरी सगळे मिळून १०० लिटर. दोन इंची ‘ब’ वर्गाच्या चाकी मीटरची खात्रीची मोजणी साधारण तासाला ४५० लिटरपासून सुरू होते. त्याच्या खाली चाक रेंगाळते, नाहीतर थांबते. पाणी चालू आणि काटा उभा! घरगुती अर्धा इंची ‘ब’ वर्गाचा मीटर ३० लिटरपासून मोजतो, पण १२० लिटरपर्यंत त्यात शेकडा ५ पर्यंत चूक चालते. म्हणजे २५ ड्रिपरची बेरीज तो सांगेल, एकट्या ड्रिपरचे पाणी त्याला दिसणारही नाही.

काचेच्या नळीत गोळी वर-खाली होणारा रोटामीटर लहान धारेला बरा, पण तो उभाच बसवावा लागतो. शिवाय त्याची चूक बहुधा पूर्ण पट्टीच्या टक्क्यात सांगतात. १०० लिटरच्या पट्टीवर शेकडा २ म्हणजे २ लिटर. तुम्ही १० लिटर मोजत असाल, तर ती चूक शेकडा २० झाली. विकत घेताना हा प्रश्न दुकानदाराला जरूर विचारावा.

विजेवरच्या चुंबकीय मीटरची गोष्ट निराळी. त्याला पाण्यातून वीज वाहावी लागते आणि ती वाहते क्षारांमुळे. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्याचे पाणी तो बिनतक्रार मोजेल. पण ड्रिपर चोंदू नयेत म्हणून बॉयलरचे क्षारमुक्त पाणी आणावे, अशी जी सूचना आली आहे, तसे केले तर हा महागडा मीटर आंधळा होईल. आपल्या कामाला चांगले गाळलेले साधे पाणी पुरते.

मग करायचे काय? माझे मत असे, की ड्रिपरसाठी मीटर घेऊच नये. प्रत्येक ड्रिपरखाली डबा ठेवा, घड्याळ लावून १५ मिनिटे पाणी धरा आणि तोलकाट्यावर तोला. ४ लिटरचा ड्रिपर असेल तर १ लिटर, म्हणजे जवळजवळ १ किलो भरले पाहिजे. मात्र दाब ड्रिपरवर लिहिलेलाच ठेवा. संचाच्या तोंडाशी अर्धा इंची मीटर एकच बसवा, फिल्टरच्या पुढे, म्हणजे वाळूने चाक अडणार नाही. डब्यांची बेरीज आणि मीटर यांचा मेळ बसतो का, तेही कळेल.

हा खटाटोप कशासाठी? पाच फुटी सरीत, सव्वा फुटाच्या आसपास ड्रिपर धरले, तर एकरी पावणेसात हजारांच्या घरात ड्रिपर बसतात. त्यातले पाव हिस्सा चोंदून शेकडा २० पाणी कमी देऊ लागले, तरी एकूण पाणी शेकडा ५ च घटते. शेतातला मोठा मीटर पाहून कोणाला संशयही येत नाही. पण तेवढी बेटे हंगामभर तहानलेली राहतात आणि वजनकाट्यावर टनेज पडते. मीटर बेरीज सांगतो, ऊस मात्र आपल्याच ड्रिपरचे पाणी पितो.

पुढचा काळही मोजणीचाच आहे. राज्याच्या २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना पाणी घनफळाने मोजून द्यायचे ठरले आहे. वैनगंगेचे पाणी आपल्या नळगंगेपर्यंत आणण्याच्या योजनेला २०२४ साली मंजुरी मिळाली. ते पाणी येईल तेव्हा येईल, पण मोजूनच मिळेल. मोजून घेतलेले पाणी मोजून वाटता आले नाही, तर दोष कालव्याला देता येणार नाही.

तेव्हा गटाच्या बैठकीत वर्गणीचा पैसा भारी मीटरवर घालू नका. पंचवीस डबे, एक घड्याळ, एक तोलकाटा, एक लहान मीटर आणि एक वही घ्या. वही सर्वांत महत्त्वाची. दर मोसमाला लिहिलेले आकडे शेजारी शेजारी ठेवले, की ठिबक कुठे थकले ते आपोआप दिसेल.

— ऊस विकास अधिकारी