तण दिसतांच कळवा

अंगणांत पडलेली ठिणगी पायानें विझवितां येते. तिचा वणवा झाला म्हणजे सारा गांव धांवला तरी पुरा पडत नाहीं. परदेशांतून आलेल्या उपद्रवी वनस्पतींचेंही असेंच आहे, असें आमचें मत आहे.

गाजर गवताचें उदाहरण घ्या. अमेरिका खंडांतील ह्या तणाची आपल्या देशांत ठळक नोंद झाली ती १९५५ सालीं, आणि तीही पुण्यांत! त्या वेळीं रोपें तुरळक होतीं. आज देशाच्या बहुतेक भागांत तें माजलें असून, त्यानें कित्येकांस त्वचेचा दाह व दमा जडतो. १९८४ सालीं त्यावर मेक्सिकोंतील भुंगे सोडण्यांत आले, तरी तण हटलें नाहीं.

आपल्या पवना व इंद्रायणी नद्यांवर पसरणारी जलपर्णी दक्षिण अमेरिकेंतली. तिचीं जांभळीं फुलें पाहून लोकांनीं ती शोभेसाठीं आणिली. सांडपाण्यावर ती पोसते व अनुकूल पाण्यांत सुमारें दोन आठवड्यांत दुप्पट होते. ह्या हिशेबानें दहा रोपें सहा महिन्यांत ऐंशी हजारांवर जातील! दहा रोपें एक मुलगा उपटील. ऐंशी हजारांस महानगरपालिकेचीं यंत्रें लागतात.

कोणी म्हणेल, हें काम पालिकेचें. खरें आहे; परंतु चिखलीचा ओढा किंवा चाकणच्या कारखान्यांमधील मोकळी जागा अधिकाऱ्यास रोज कोठून दिसणार? ती शाळेच्या वाटेवरील विद्यार्थ्यास दिसते. तेव्हां विद्यार्थिमित्रांनो, जागा व तारीख टिपून घ्या, छायाचित्र काढा आणि शिक्षकांस दाखवा. प्रत्येक अनोळखी रोप शत्रु नसतें, म्हणून आधीं खात्री करून घ्यावी. गाजर गवतास उघडा हात लावूं नये. मोठ्यांनीं हातमोजे घालून तें फुलण्यापूर्वीं मुळासकट उपटावें, कारण एकेक झाड हजारों बिया टाकतें. नदींत मात्र कोणीं उतरूं नये.

पालकांसही आमची एक विनंति आहे. मुलानें कळविलेली गोष्ट कार्यालयांत पडून राहिली, तर तो पुन्हां कळविणार नाहीं. तण वाढेल तें वाढेल, पण मुलाची नागरिक होण्याची इच्छाही मरेल. म्हणून त्याच्या अर्जामागें आपण उभे राहावें, उत्तर मागावें, आणि नदींत सांडपाणी सोडणें कां थांबत नाहीं, हेंही त्याच अर्जांत विचारावें.