कोप्यांवरची शाळा आणि मोबाइल



ऊस विकासाच्या पानावर शाळेचा विषय कशाला, असे कोणी विचारील. पण हंगामात आपल्या शिवारात तोडणीवाल्यांच्या कोप्या उभ्या राहतात, त्यांतली पोरे चार-पाच महिने शाळेला मुकतात. गावी परततात तोवर वर्ग पुढे गेलेला असतो. ऊस आपला, तेव्हा विषयही आपलाच.

हल्ली 'संमिश्र शिक्षण' हा शब्द कानावर येतो. काही शिकणे वर्गात गुरुजींपुढे, काही मोबाइलवर किंवा टॅबवर, आणि दोहोंची सांगड. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही त्याचा उल्लेख आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. आपल्यापैकी काहींची मुले-भाऊबंद नोकरीपायी शीळफाटा, दिवा, डोंबिवलीकडे राहतात; त्यांची पोरे गावी आली आणि आजोबांच्या ओट्यावर बसून तिकडची शाळा करू लागली. ज्या घरी एकच मोबाइल, आणि तोही बापाच्या खिशात, तिथली मात्र कोरडी राहिली. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागली, तिला रेंज लागत नव्हती, ही सोय खरी. पण अडले तर विचारायचे कोणाला? टीव्ही थोडाच उत्तर देतो!

आमचे मत असे की, यंत्र सर्वांत शेवटी येते. ठिबकचेच घ्या ना. संच बसविला, अनुदान उचलले, फोटो काढला. फिल्टर कोणी धुतला नाही. दुसऱ्या वर्षी ड्रिपर चोंदले की मालक म्हणतो, ठिबक चालतच नाही. शाळेच्या कपाटातल्या टॅबची गतही तीच.

जिथे चालले तिथे माणूस होता. ठाणे जिल्ह्यातच, शहापूर तालुक्यातील पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकाने पाड्यावरच्या पोरांच्या हाती टॅब दिला. माढा तालुका तर उसाचाच. तेथील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाहिले की मुलांच्या घरची बोली कन्नड आहे. त्यांनी धडे त्या भाषेत केले आणि पुस्तकात क्यूआर कोड घातले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही असे कोड आले. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी बाकीच्या नऊ स्पर्धकांत वाटली.

आता आपल्या कोप्या बघा. दहा वर्षांची पोर धाकट्या भावाला सांभाळते, आईबाप फडात. तिच्या हाती टॅब दिला तरी ती शिकणार कधी? म्हणून आधी पाळणाघर. मग वीज आणि एक पत्र्याची खोली. धडे मोबाइलमध्ये आधीच भरून ठेवावेत, नेटची वाट बघू नये. बीडकडच्या गुरुजींनी आठवड्याचा अभ्यास धाडायचा, इथल्या गुरुजींनी ठरलेल्या वारी येऊन तपासायचा. निवडणुकीची कामे आणि पोषण आहाराचे हिशेब यांतून त्यांना तेवढा वेळ मोकळा मिळाला पाहिजे, हेही शिक्षण खात्याला सांगावे लागेल.

पुढील हंगामाचे तोडणी करार होताना कोयत्यागणिक मुले किती व कोणत्या इयत्तेत, असे दोन रकाने फॉर्मात वाढवावेत, असे आम्ही सुचवितो. खर्चासाठी टनामागे काय कापावे, ते वार्षिक सभेने ठरवावे.