फी भरण्यापूर्वी विम्याचा कागद वाचा

आमच्या वस्त्यांतील मुली आता शिष्यवृत्तीच्या बळावर अमेरिकेपर्यंत पोहोचू लागल्या आहेत. १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले, त्या वाटेचे हे पुढचे पाऊल आहे आणि त्याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु विद्यापीठ निवडताना पालक फी पाहतात, वसतिगृह पाहतात, नाव पाहतात; आजारपणाचे काय, हे विचारीत नाहीत. विद्यापीठ कॅथलिक संस्थेचे असेल तर हा प्रश्न टाळून चालणार नाही.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही कॅथलिक संस्थांचे विरोधक नाही. सवर्णांच्या शाळा आमच्या मुलांना दाराबाहेर बसवीत होत्या, त्या काळात मिशनऱ्यांनी अनेक ठिकाणी दार उघडले, हे नाकारणे कृतघ्नपणा ठरेल. १७८९ साली जेझुइटांनी स्थापन केलेले जॉर्जटाऊनसारखे विद्यापीठ विद्वत्तेत कोणाहून कमी नाही. गरिबांची सेवा आणि सामाजिक न्याय ही त्यांची शिकवण आमच्या मूल्यांच्या जवळची आहे.

पण त्याच धर्मसंस्थेची दुसरी शिकवणही आहे. १९६८ साली पोप पॉल सहावे यांनी ‘ह्युमाने व्हिते’ या पत्रकाद्वारे कृत्रिम संततिनियमन निषिद्ध असल्याचे पुन्हा बजावले. त्याची सावली विद्यार्थ्यांच्या आरोग्यविम्यावर पडते. २०१२ साली जॉर्जटाऊनमधील कायद्याची विद्यार्थिनी सँड्रा फ्लूक यांनी अमेरिकन लोकप्रतिनिधींसमोर साक्ष दिली. त्यांच्या एका मैत्रिणीला बीजकोशात गाठी होण्याचा विकार होता आणि त्यावर गर्भनिरोधक गोळ्या हेच औषध होते. आजारासाठी गोळ्या देण्यास विद्यापीठाचा नियम आड येत नव्हता. तरीही विमा कंपनीने संशय घेऊन पैसे नाकारले, गोळ्या बंद पडल्या आणि अखेर त्या मुलीला एक बीजकोश गमवावा लागला. साक्ष देणाऱ्या फ्लूक यांच्याच वाट्याला जाहीर शिवीगाळ आली!

२०१० च्या आरोग्यसेवा कायद्याने गर्भनिरोधके विम्यात आणली. धार्मिक संस्था न्यायालयात गेल्या. २०२० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने श्रद्धेच्या कारणास्तव सूट देण्याचा सरकारचा अधिकार मान्य केला, आणि त्यानंतरही कोर्टबाजी थांबलेली नाही. परिणामी प्रत्येक विद्यापीठाचा नियम वेगळा. नोटर डेम विद्यापीठाने २०१८ साली साध्या गर्भनिरोधकांचा खर्च विम्यात ठेवण्याचे ठरविले. गर्भपात घडविणारी म्हणून ज्या साधनांकडे ते पाहते, ती मात्र वगळली. त्यातच २०२२ साली गर्भपाताचा घटनात्मक हक्क गेला आणि राज्यागणिक कायदा बदलला.

यात सर्वांत जास्त कोण भरडले जाते? अमेरिकन विद्यार्थिनी २६ वर्षांची होईपर्यंत आईवडिलांच्या विम्यावर राहू शकते. आमच्या मुलीचे आईवडील येथे, आणि तिला बहुधा विद्यापीठाचाच विमा घ्यावा लागतो. विम्याचा हप्ता शिष्यवृत्तीतून भरला गेला, तरी त्या विम्यात काय वगळले आहे हे शिष्यवृत्ती सांगत नाही. म्हणजे जिच्याकडे पर्याय सर्वांत कमी, तिच्यावरच नियमाचा भार सर्वांत जास्त.

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. १९३४ साली ‘समाजस्वास्थ्य’कार र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. १९३८ साली मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला तो त्यांच्याच पक्षाने. खटला हरला, ठराव फेटाळला गेला. पण स्त्रीच्या शरीराचा प्रश्न धर्ममार्तंडांवर सोडायचा नाही, ही भूमिका तेव्हाच ठरली.

मग कॅथलिक विद्यापीठ टाळावे काय? आमचे उत्तर आहे, नाही. संस्थेला तिची श्रद्धा पाळण्याचा हक्क आहे. विद्यार्थिनीला ती श्रद्धा आपल्या औषधाच्या कपाटापर्यंत येते की नाही, हे आधी जाणून घेण्याचा हक्क आहे. म्हणून प्रवेश स्वीकारण्यापूर्वी लेखी विचारा : विम्यात काय वगळले आहे? आजारासाठी डॉक्टरने लिहून दिलेल्या हार्मोनच्या गोळ्या मिळतील काय, आणि त्यासाठी कोणता पुरावा लागेल? दुसऱ्या कंपनीचा विमा चालेल काय? विद्यापीठाच्या दवाखान्यात जे मिळत नाही, ते शहरात कोठे मिळेल? तोंडी आश्वासनावर विसंबू नका. वकील म्हणून आम्ही सांगतो, कागदावर नाही ते कोर्टात सिद्ध करणे कठीण.

मुलींनी हे प्रश्न विचारताना लाजू नये आणि बापांनी ते ऐकताना मान खाली घालू नये. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, स्वतः पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. प्रवेशपत्रही त्याच कसोटीवर घासून घ्या आणि मगच सही करा.